सेकंड बेसवरचं खोबरेल

मित्रांनो, मी जुना आहे, डाव्या हाताचा आहे आणि एकटा आहे. यातल्या एकाही गोष्टीत माझा दोष नाही.

मी बेसबॉलचा ग्लव्ह. आम्ही पायमोज्यांसारखे जोडीने जन्माला येत नाही. खेळाडूने आम्हाला एका हातात घालायचं, आमच्या पोटात चेंडू अडवायचा आणि दुसऱ्या, मोकळ्या हाताने तो फेकायचा, अशी या खेळाची रीत आहे. ही रीत ठाऊक नसलेला एक भला माणूस पुष्कळ वर्षांपूर्वी टेक्सासमधल्या शुगर लँडच्या एका दुकानात आला. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं, शिवण ओढून पाहिली आणि काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "छान आहे. दुसरा कुठाय?"

"दुसरा नसतो, सर."

"म्हणजे संपला?"

"बाबा, प्लीज," शेजारी उभा असलेला मुलगा फरशीकडे बघत म्हणाला. "एकच असतो. लोक बघतायत."

"बघू देत की. अर्धी वस्तू घेऊन गेलो तर घरी तुझी आई बघेल, त्याचं काय?"

हा माणूस म्हणजे ईश्वर मेश्राम. मूळचे नागपूरचे, ह्यूस्टनला पुलांचे इंजिनिअर. मुलगा म्हणजे कुश, जन्माने इथलाच, हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला. अर्धा म्हणून का होईना, मी त्या घरात गेलो. पुढे मी कुशच्या आईला 'आई' आणि वडिलांना 'बाबा' म्हणू लागलो. मनातल्या मनात, कारण मला पोट आहे, बोटं आहेत, तोंड मात्र दिलेलं नाही.

त्याआधीचं माझं चरित्र थोडक्यात आटोपतो. माझा मूळपुरुष एक बैल होता. त्याच्याविषयी फारसं सांगता येणार नाही, कारखान्यात आमची नीट ओळख करून दिली गेली नाही. तिथे मला आधी उलटा शिवला, मग गरम लोखंडी बोटांवर ओढून सुलटा केला आणि आकार यावा म्हणून हातोड्याने बडवला. एवढं झाल्यावर मी तयार झालो असं त्यांनी जाहीर केलं. तुमच्यापैकी जे शाळेत जातात त्यांना हे ओळखीचं वाटेल.

नवा ग्लव्ह पाटासारखा ताठ असतो. त्याला तेल लावून, मळून, रात्री पोटात चेंडू बांधून गादीखाली ठेवून मऊ करावं लागतं. कुश म्हणाला, "आई, स्पेशल ग्लव्ह ऑइल मिळतं. दुकानात परत जाऊ या."

"तेल आणायला दुकानात?" आई म्हणाली. "आपल्या घरात?"

या प्रश्नाला वजन होतं. कुशची आई संघमित्रा केमिकल इंजिनिअर, तीही तेल कंपनीत. समुद्राच्या तळातून तेल वर आणणाऱ्या लांबच लांब पाइपांमध्ये थंडीने ते तेल गोठू नये, हे बघणं तिचं काम. कुठलं तेल किती थंडीत दाट होईल, त्यात काय मिसळलं म्हणजे वाहतं राहील, हे विचारायला मोठमोठे साहेब तिच्या टेबलाशी येत. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

रविवारी सकाळी वंदना झाली की आई खोबरेलाची वाटी घेऊन बसायची. कुश पुढ्यात बसायचा. डोक्याला तेल रगडून झालं की हातावर उरलेलं तेल ती माझ्यावर पुसायची. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, शिवणीशिवणीतून. कुशचं डोकं आणि मी, आम्ही दोघं एकाच वाटीवर वाढलो.

एका रविवारी बाबांचे मित्र सुमंतकाका जेवायला आले. मी टेबलावर वरणाच्या भांड्याशेजारी होतो. काकांनी खुर्ची जरा मागे ओढली.

"ईश्वरराव, चामड्याची वस्तू... जेवणाच्या टेबलावर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "चामड्याला आमच्या घरात कुणी नाक मुरडत नाही, सुमंत. आणि तू ज्या सोफ्यावर लोळून मॅच बघतोस ना, त्याला विचार तो कशाचा आहे."

काकांनी खुर्ची पुढे घेतली आणि वरण वाढून घेतलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मी बरोबर घरात आलोय.

कुश सेकंड बेसवर खेळायचा. ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फलंदाज चेंडू मारून पळत सुटतो. जमिनीवरून सरपटत, उसळत आलेला चेंडू सेकंड बेसमनने वाकून उचलायचा आणि पळणारा पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकायचा. गलीतला क्षेत्ररक्षक आणि चोराच्या मागे लागलेला हवालदार यांना एकत्र केलं की सेकंड बेसमन तयार होतो. कुशला हे काम सुरेख यायचं. त्याचे हात मऊ होते. चेंडू माझ्यात येऊन आदळायचा नाही, येऊन बसायचा. त्याच्या बॅटिंगविषयी मी बोलणार नाही. तो बॅटचा विषय आहे आणि तिनेही आयुष्यभर मौन पाळलं.

इथे दुसऱ्याच्या ग्लव्हमध्ये कुणी हात घालत नाही. टूथब्रशसारखंच आहे ते. पण माझा वास सगळ्यांनी घेतला. "ड्यूड, तुझ्या ग्लव्हला समुद्रकिनाऱ्याचा वास येतो," टीममधली पोरं म्हणायची. कॉलेजात मला 'नारळ' असं नाव पडलं. पुढे धाकट्या लीगच्या टीम्स, लांबलांबचे बसप्रवास, सॉसच्या डागांसकट अंगाला चिकटणाऱ्या मोटेलच्या चादरी. आणि एका वसंतात, ज्याची बाबांनी आशा सोडली होती आणि आईने सोडली नव्हती, कुशला मोठ्या लीगमधून बोलावणं आलं. आईने एक छोटी बाटली भरून दिली. दर रविवारी फोन करून ती एकच प्रश्न विचारायची, "तेल लावलंस?" कुश आईशी खोटं बोलत नसे. म्हणून तो लावायचा.

आता एप्रिल महिन्याविषयी. आमच्या घरात चौदा एप्रिलला जयंती. शुगर लँडच्या हॉलमध्ये निळी तोरणं, भाषणं, मुलांची नाटुकली, शेवटी जेवण. आणि पंधरा एप्रिलला बेसबॉलमध्ये सगळ्या टीम्सचे सगळे खेळाडू पाठीवर एकच नंबर घालतात, बेचाळीस. गोऱ्यांशिवाय इतरांना बंद ठेवलेलं लीगचं दार ज्या काळ्या खेळाडूने उघडलं, त्याचा तो नंबर. कुशने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. मग म्हणाले, "चौदाला आमची, पंधराला तुमची. ओळीने आहेत बघ दोघं. भेटले असते तर बोलायला विषय कमी पडले नसते."

तर कुशच्या मोठ्या लीगमधल्या पहिल्याच वर्षी, पंधरा एप्रिलला, आमचा सामना शिकागोला होता. कुशच्या पाठीवर बेचाळीस. शुगर लँडला घरी आई-बाबा टीव्हीसमोर, शेजारी सुमंतकाका, काल हॉलमध्ये उरलेला भात. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर राहणारी रत्नामावशी, आईची बहीण, तर मैदानातच आली होती. साडीवर स्वेटर, स्वेटरवर कोट, कोटावर शाल. सकाळी आईचा फोन आला होता. "मोठा दिवस आहे. नीट भरपूर लाव." कुशने भरपूर लावलं.

मित्रांनो, शुगर लँडलाही हिवाळा असतो, पण तो पाहुण्यासारखा येतो, बसतही नाही. शिकागोचा वारा मला नवीन होता. तो तळ्यावरून आला आणि थेट माझ्या शिवणींत शिरला. खेळ सुरू झाला तेव्हा मी जरा आखडलो होतो. शेवटच्या डावात मला माझी बोटं जाणवेनात.

समोरच्यांचा एकच गडी बाद करायचा उरला होता. चेंडू आला, साधा, सरळ, शहाण्या मुलासारखा. कुश वाकला. चेंडू माझ्या तळव्यावर टेकला. आता मी मिटायचं होतं, आणि मला मिटता येईना. तो उसळला, बाहेर पडला, गवतात गेला, आणि समोरच्या टीमचा माणूस धावत शेवटच्या, होम बेसवर पोचला. सामना गेला. चाळीस हजार लोक खुशीने ओरडले. त्यात एकच आवाज वेगळा होता.

"काही नाही रे बाळा! होतं असं! जेवायला घरी ये!" ही रत्नामावशी.

ड्रेसिंग रूममध्ये कुशने मला मांडीवर घेतलं. अंगठ्याच्या शिवणीत त्याने नख घातलं. नखावर पांढरं काहीतरी आलं. त्याने ते बोटांत चोळलं. ते वितळलं, आणि खोबरेलाचा वास आला. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं. मलाही कळलं की त्याला कळलं.

तेवढ्यात बातमीदार आले. "काय झालं, कुश?"

समोर कॅमेरे होते, आणि कॅमेऱ्यांच्या पलीकडे, शुगर लँडला, तेलांची सगळ्यांत मोठी जाणकार बसली होती.

"माझी नजर हलली," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. चूक माझीच."

संध्याकाळी आईचा फोन आला. "फार थंडी होती का रे?"

"नाही गं. ठीक होती."

"बरं," आई म्हणाली. तिने जरा जास्तच वेळ घेऊन म्हटलं.

पुढच्या महिन्यात आमची टीम ह्यूस्टनला आली आणि मी मुक्कामाला घरी गेलो. कुश झोपाळू. सकाळी आई उठली, मला बॅगेतून काढलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. वरच्या कप्प्यात, दह्याशेजारी. तासाभराने बाहेर काढून तिने मला वाकवलं. पाट! मग पुसून, कोमट करून, खोबरेलात थोडं तिळाचं तेल मिसळून लावलं आणि पुन्हा फ्रीजमध्ये. पुन्हा वाकवलं. पुन्हा मिश्रण बदललं. दही एवढा वेळ मला सहन करत होतं.

बाबा चहाला दूध घ्यायला आले. त्यांनी फ्रीज उघडला, मला पाहिलं, बंद केला, पुन्हा उघडला.

"संघमित्रा, हा आत काय करतोय?"

"हळू बोला. कुश उठेल." तिने मला बाहेर घेऊन अंगठा दाबला. या वेळी मी मऊसूत मिटलो. "जमलं. खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं हो. नागपुरात थंडीत बाटली उन्हात ठेवायचो आपण. एवढं मला सुचू नये? मला? टीव्हीवर अंगठा वळत नाही हे बघितलं आणि कळलं."

"मग सांग ना त्याला."

"तो काय म्हणाला ऐकलंत ना तुम्ही? माझी नजर हलली म्हणाला. त्याची नजर हलत नाही." आईने माझ्यावरचं जास्तीचं तेल पुसलं. "पोरानं सगळ्या देशासमोर माझ्यासाठी खोटं सांगितलं. ते मी कशाला खोटं पाडू?"

बाबांनी दूध घेतलं. "तुम्ही दोघं म्हणजे थोर आहात," ते म्हणाले, आणि पुढे कधी तो विषय काढला नाही.

त्या दिवसापासून बाटलीतलं तेल बदललं. खोबरेलाचा वास एवढा दांडगा की तीळ त्यात लपून गेले. इकडे कुशने स्वतःचा उपाय शोधला होता. थंडीत सामना असला की तो मला शर्टाच्या आत पोटाशी धरून बसायचा. मी आता गोठत नव्हतोच, पण त्याला वाटायचं की हा पोटाचा प्रताप. मग मैदानात कुशच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या शॉर्टस्टॉपने ग्लव्ह पोटाशी धरला. मग सगळ्यांनी. पुढेपुढे ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा आमची टीम पोटाशी ग्लव्ह धरून बसायची आणि टीव्हीवरचे लोक याला परंपरा म्हणायचे.

आईला पोटाचं कारण ठाऊक नाही, कुशला तिळाचं ठाऊक नाही, आणि दोन्ही ठाऊक असलेला मी एकटा. तोंड नसण्याचं दुःख मला त्या वर्षांत जेवढं झालं तेवढं कधी झालं नाही.

पण ती वर्षं चांगली होती. मला तक्रार नाही. एका उन्हाळ्यात आम्ही दोघांनी असे चेंडू अडवले की शाळेतली पोरं कुशचं नाव पाठीवर लिहून यायची. एका लहान मुलीने कठड्यावरून वाकून मला हात लावला आणि म्हणाली, "याला छान वास येतो." मला त्याहून मोठं बक्षीस मिळालेलं आठवत नाही. टीम बदलल्या, शॉर्टस्टॉप बदलले, माझ्या वाद्या दोनदा बदलल्या. तेलाचा हात बदलला नाही. मग कुशचे गुडघे बोलू लागले. एका सकाळी मॅनेजरने त्याला आत बोलावून दार लोटलं. दार लोटून बेसबॉलमध्ये चांगली बातमी सांगत नाहीत.

कुश शुगर लँडला परतला आणि मी गॅरेजात गेलो. तिथे जयंतीच्या घडीच्या खुर्च्या होत्या, निळी तोरणं होती, डाळीचं मोठं पातेलं होतं. चांगली मंडळी. पण ती सगळी वर्षातून एकदा कामावर जायची. मी कुठेच जात नव्हतो. गॅरेजातल्या दमट उकाड्यात माझ्या पाठीवर बुरशी आली, बोटं एकमेकांना चिकटली. कुश मला विसरला असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे त्याला बघवत नव्हतं. यातला फरक मला पातेल्याने समजावून सांगितला.

मग त्याला टीव्हीवर काम मिळालं. ह्यूस्टनमधल्या एका स्पोर्ट्स चॅनेलवर, संध्याकाळच्या कार्यक्रमात. काम असं, की प्रेक्षकांनी नुकतंच जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते टाय लावून त्यांना पुन्हा सांगायचं. कार्यक्रमाची निर्माती लोरेन हिने त्याला एप्रिलअखेरपर्यंत अजमावायला घेतलं होतं. मधल्या खुर्चीत डग नावाचे वयस्कर विश्लेषक असत. डग म्हणायचे, "मोठ्या लीगमध्ये असा चेंडू अडवलाच पाहिजे." मग कुश म्हणायचा, "डगचं बरोबर आहे. अडवलाच पाहिजे." महिनाभर हेच चाललं.

चौदा एप्रिल आला. सकाळी खुर्च्या न्यायला गॅरेज उघडलं. सुमंतकाकांनी मला दोन बोटांत उचललं.

"ईश्वरराव, यात उंदराने संसार थाटलाय का?"

"इकडे द्या," आई म्हणाली. तिची साडी निळी, कडक इस्त्रीची. तरीही ती पायरीवर बसली, ओल्या फडक्याने माझी बुरशी पुसली आणि आतून बाटली मागवली. कुश येऊन शेजारी बसला.

"आई, लोरेन म्हणते मी बोलायला लागलो की लोक टीव्ही म्यूट करतात."

"तिने मोजलं का?"

"आई. शी इज सीरियस. या महिन्यात नाही जमलं तर दे विल लेट मी गो. पुन्हा दार लावून सांगतील यार. दुसऱ्यांदा ते नाही ऐकवणार मला."

"मग जे दिसतं ते का सांगत नाहीस? तुला दिसतं की. लहानपणी तू मॅच बघताना सांगायचास, याचा पाय चुकला, त्याचा हात उशिरा आला."

"टीव्हीवर भीती वाटते गं. समवन विल गेट हर्ट."

आईचा हात माझ्या करंगळीवर थांबला. मग पुन्हा चालू झाला. "हातात काही नसलं की तुला बोलता येत नाही. शाळेत कविता म्हणताना शर्टाचं टोक धरायचास. याला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो, टेबलाखाली, कुशच्या मांडीवर. बाहेर ह्यूस्टनचा घाम, आत एसी असा की मला शिकागोची आठवण झाली. पडद्यावरही शिकागोच होतं. तेच मैदान, तोच वारा, सगळ्यांच्या पाठीवर बेचाळीस.

शेवटच्या डावात सेकंड बेसवर साधा चेंडू आला. तिथे योएल नावाचा नवा पोरगा होता, गरम देशातून आलेला, पहिलंच वर्ष. चेंडू त्याच्या ग्लव्हवर टेकला, उसळला, बाहेर पडला. सामना गेला.

"बेचाळीस नंबरने घात केला," डग म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मैदानावर सगळेच बेचाळीस आहेत. नक्की कुणावर चिडायचं ते शोधायला त्यांना थोडा वेळ लागला. "हा योएल! लक्ष नाही. मोठ्या लीगमध्ये असा चेंडू अडवलाच पाहिजे. पोराला परत धाकट्या लीगमध्ये पाठवा. कुश?"

कुशचा हात माझ्यात शिरला. किती दिवसांनी! मला ठाऊक होतं, शुगर लँडला टीव्ही चालू आहे. उरलेला भात आहे. आई समोर बसली आहे.

"डग," तो म्हणाला, "तुमचं बरोबर नाही."

डगनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"परत दाखवा. हळू. त्याची नजर बघा, शेवटपर्यंत चेंडूवर आहे. आता अंगठा बघा. मिटायला हवा तेव्हा मिटत नाही. पोराचं लक्ष जागेवर आहे. ग्लव्ह गारठलाय."

"चामडं ते चामडं," डग म्हणाले. "सबबी नकोत."

"याच मैदानावर, याच तारखेला मी हीच चूक केली. तेव्हा म्हणालो, माझी नजर हलली. ते खरं नव्हतं." कुशने श्वास घेतला. "माझ्या ग्लव्हला खोबरेल तेल होतं. आमच्या घरी रविवारी डोक्याला लावतात, ग्लव्हलाही लावलं. थंडीत ते गोठलं. मी सांगितलं नाही, कारण तेल माझी आई लावायची आणि ती टीव्ही बघत होती. आत्ताही बघतेय. पण मी गप्प बसलो तर उद्या या पोराला घरी पाठवतील. तर बघा, असा होतो थंडीत ग्लव्ह. इथे स्टुडिओत पुरेसा गारठा आहे, आणि हा कालच्या तेलाने भिजलेला आहे. हा मुळीच..."

त्याने मला कॅमेऱ्यासमोर धरून दाबलं.

मी मिटलो. अलगद. ताज्या पोळीची घडी घालावी तसा.

कुशने मला उघडलं. पुन्हा दाबलं. मी पुन्हा मिटलो. मित्रांनो, मला तोंड नाही हे मी सांगितलंच. त्या क्षणी मला जे सांगायचं होतं ते मी असं सांगितलं.

"मला तर चांगला मऊ दिसतोय," डग म्हणाले.

कुशने मला नाकाशी नेलं. खोबरेल, आणि खोबरेलाखाली आणखी काहीतरी. त्याने डोळे मिटून पुन्हा वास घेतला. थेट प्रक्षेपण चालू होतं, आणि मोठ्या लीगमध्ये इतकी वर्षं खेळलेला माणूस कॅमेऱ्यासमोर ग्लव्ह हुंगत होता.

"तीळ," तो पुटपुटला. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "डग, एक सांगायचं राहिलं. माझी आई केमिकल इंजिनिअर आहे. थंडीत तेल गोठू न देणं, हाच तिचा धंदा आहे. तिला तेव्हाच कळलं होतं. तिने तेल बदललं. आणि मला सांगितलं नाही. मी इतकी वर्षं याला पोटाशी धरून बसलो!"

कुशच्या कानातल्या यंत्रात लोरेन रोज म्हणायची, "आवर." मी त्याच्या हाताला होतो, मला ऐकू आलं. आज ती म्हणाली, "बोलत राहा."

आणि कुश बोलला. अंगठा कसा वळतो, चेंडू हातात कसा बसवायचा, घाबरलेल्या पोराचा खांदा कुठून वर जातो, सगळं. मला हातात घालून, टेबलावर अर्धा वाकून. डगनी एकदा मला बघायला मागितलं, मग रीत आठवून हात मागे घेतला. पण वास घेतला.

कार्यक्रम संपल्यावर लोरेनने त्याला केबिनमध्ये बोलावलं. कुश दाराकडे बघत उभा राहिला. तिने दार उघडंच ठेवलं आणि उद्यापासूनच्या वेळा सांगितल्या. महिना संपायची वाट बघितली नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याने फोन लावला. मी शेजारच्या सीटवर. पट्टा लावला होता मला.

"आई..."

"पोटाशी काय धरत होतास रे? मला वाटायचं काहीतरी अंधश्रद्धा शिकलास तिकडे."

"आई, आय ॲम सॉरी. सगळ्यांसमोर सांगितलं."

"त्याचं काही नाही. पण अर्धंच सांगितलंस! खोबरेल गोठतं हे सांगितलंस, तीळ किती घालायचे ते सांगितलं नाहीस. आता देशभर माझं नाव, की बाई पोराच्या ग्लव्हला गोठणारं तेल लावते. उद्या पहिलं ते सांग. चोवीस अंश म्हण."

मागून बाबांचा आवाज आला, "इथे फॅरनहाइटमध्ये शहात्तर म्हणतात!"

"दोन्ही म्हण. आणि कुश..." आई थांबली. "त्या पोराचं काय झालं? योएलचं?"

"माहीत नाही गं अजून."

"त्याचा पत्ता मिळाला तर बघ. बाटली पाठवते."

योएलला परत पाठवलं नाही. पुढच्या सामन्यात तो शर्टात ग्लव्ह कोंबून पोटाशी धरून बसलेला दिसला. कुशने स्टुडिओत कपाळाला हात लावला.

आता मी त्या टेबलावरच असतो. दर रविवारी घरी जातो. कुशच्या डोक्यावर तेलाला जागा भरपूर झाली आहे आणि केस कमी, त्यामुळे माझ्या वाट्याला जास्त येतं. पायरीवर आई बसते, बाबा चहा आणतात, सुमंतकाका मला टेबलावर वरणाशेजारी स्वतः ठेवतात. माझ्यासारख्या बऱ्याच ग्लव्हांना एक हात मिळाला तरी नशीब. मला तीन मिळाले: झेलणारा, पुसणारा, आणि दुकानात मला अर्धा समजूनही परत न ठेवणारा. मी त्यांचा ऋणी आहे.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं. तुमच्या घरात तुमच्यासाठी राबलेलं जे काही गॅरेजात, माळ्यावर पडलं असेल, ते एकदा खाली काढा. पुसा. बुरशीला घाबरू नका, ती वरवरची असते. आणि त्याला ज्यांचा हात लागला होता, ते शेजारच्या खोलीत असतील तर त्यांना बोलवा आणि शेजारी बसवा. काही विचारायचं राहिलं असेल तर तेव्हाच विचारा. वस्तू हातात असली की सोपं जातं.

मग तेल लावा. चोवीस अंशांखाली असाल तर तीळ मिसळायला विसरू नका. शहात्तर. दोन्ही म्हणायला सांगितलं आहे.